जुनी खाती नव्या यंत्रात नेताना

प्रतिवर्षीप्रमाणे यंदाही स्मरणिकेसाठी व्यापारोपयोगी असा एखादा लेख आम्ही द्यावा, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली. आजवर आम्ही कडधान्यांची साठवण, अडतीचा हिशेब, वजनकाट्यांची तपासणी अशा आमच्या नित्याच्या विषयांवर लिहीत आलो. यंदाचा विषय ऐकून मात्र काही स्नेह्यांनी आश्चर्य व्यक्त केले. संगणकातील जुना डेटाबेस नव्या, एकत्रित यंत्रावर कसा न्यावा, हा विषय धान्याच्या घाऊक व्यापाऱ्याने हाती घ्यावा हे त्यांस अस्थानी वाटले. त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. संगणकाच्या कळा आम्ही दाबू लागलो त्याही वयाच्या चाळिशीनंतर. तथापि ज्या पतसंस्थेच्या संचालक मंडळावर आम्ही बरीच वर्षे आहोत, त्या संस्थेने हे स्थलांतर २०२२ आणि २०२३ या सालांत केले. त्या कामाच्या समितीत आम्ही होतो, आणि त्या कामात एक मोठी चूक आमच्या हातून होता होता राहिली. ती चूक कोणती आणि ती कोणामुळे टळली, हे आपल्या व्यापारी बंधूंस कळावे म्हणून हा लेख.

खतावणी आणि रोजकीर्द

प्रथम डेटाबेस म्हणजे काय, ते आपल्या पेढीच्या भाषेत सांगू. आपल्या वाडवडिलांच्या गादीवर दोन वह्या प्रमुख असत. दिवसभरात जो व्यवहार जसा घडेल तसा तो क्रमाने रोजकीर्दीत लिहावयाचा, आणि मग प्रत्येक रक्कम ज्याच्या त्याच्या नावाच्या पानावर खतवावयाची. रोजकीर्द ही काळाच्या क्रमाने चालते, तर खतावणी माणसांच्या क्रमाने. दोन्ही वह्या असल्या की कोणत्याही दिवशी काय घडले हेही सांगता येते, आणि कोणाचे किती देणे-घेणे आहे हेही सांगता येते.

संगणकातील डेटाबेसची रचना याहून फारशी वेगळी नाही. १९७० साली आय.बी.एम. कंपनीतील एडगर कॉड या गृहस्थांनी सर्व माहिती परस्परांशी जोडलेल्या तक्त्यांच्या रूपात ठेवावी, अशी कल्पना एका निबंधात मांडली. आज बहुतेक बँकांचे आणि पेढ्यांचे डेटाबेस त्याच पायावर उभे आहेत. एका तक्त्यात ग्राहकांची नावे व पत्ते, दुसऱ्यात त्यांची खाती, तिसऱ्यात त्या खात्यांवरील व्यवहार. हे तक्ते म्हणजे खतावणी होय. पण यंत्राच्या पोटात एक रोजकीर्दही असते, ती ग्राहकास कधी दिसत नाही. तक्त्यात फेरफार पक्का करण्यापूर्वी यंत्र त्या फेरफाराची नोंद या रोजकीर्दीत आधी करून ठेवते. मध्येच वीज गेली आणि एका खात्यास रक्कम नावे पडून दुसऱ्यास जमा व्हावयाची राहिली, तर वीज आल्यावर यंत्र ती रोजकीर्द वाचते, अर्धवट व्यवहार रद्द करते आणि पुरे झालेले व्यवहार पक्के करते. ही अदृश्य रोजकीर्द स्थलांतराच्या कामी फार उपयोगी पडते, हे पुढे दिसून येईल.

जुने घर का सोडावे

आमच्या पतसंस्थेच्या सहा शाखा आहेत. प्रत्येक शाखेत आपापले सर्व्हर यंत्र, पिग्मी ठेवींसाठी मुख्य कार्यालयात निराळे यंत्र, आणि सोनेतारण कर्जांसाठी आणखी एक, अशी एकूण आठ यंत्रे होती. पिग्मीची पद्धत आपल्या भागात मुरलेली आहे. १९२८ साली उडुपीच्या सिंडिकेट बँकेने ती सुरू केली, आणि रोज दारोदार फिरून चार पैसे गोळा करणारा पिग्मी एजंट हा आमच्या बाजारपेठेतील प्रत्येक दुकानाचा परिचित झाला. अशी लहान रकमांची, पण अगणित नोंदींची खाती जुन्या यंत्रावर असली की ते यंत्र लवकर दमते.

यंत्र दमले एवढेच कारण असते तर आम्ही आणखी काही वर्षे काढली असती. परंतु यंत्राचे सुटे भाग मिळेनासे झाले. आठ ठिकाणी आठ वातानुकूलित खोल्या, आठ ठिकाणी बॅटऱ्या, आठ ठिकाणी रात्रीच्या नकला काढण्याचे काम; त्यांतील एखादी नकल राहून गेली तरी कोणास पत्ता लागत नसे. सर्वांत गंभीर गोष्ट ही की, आमचा डेटाबेस एस.क्यू.एल. सर्व्हर २००८ या आवृत्तीवर होता. तिची दुरुस्ती-सेवा मायक्रोसॉफ्ट कंपनीने ९ जुलै २०१९ रोजी थांबवली. ज्या विंडोज सर्व्हर २००८ वर तो चालत असे, तिची सेवा १४ जानेवारी २०२० रोजी संपली. सेवा संपली म्हणजे यंत्र बंद पडते असे नव्हे. ते पूर्ववत चालते, आणि हाच त्यातील धोका आहे. नवी भगदाडे सापडत राहतात, पण ती बुजवणारा गवंडी येत नाही. गोदामाच्या भिंतीस उंदराने बीळ पाडले, तरी समोरचे कुलूप शाबूत दिसते म्हणून मालक निर्धास्त असतो; आमची स्थिती तशी होती. या स्थितीत आम्ही जवळजवळ तीन वर्षे चालढकल केली, हे येथे कबूल केले पाहिजे.

एका वाड्यातील बिऱ्हाडे

तज्ज्ञांनी सल्ला दिला की, आठ यंत्रांऐवजी एकच बलवान यंत्र घ्यावे, त्यात आठही डेटाबेस एकत्र नांदवावे, आणि तसेच दुसरे जुळे यंत्र निराळ्या गावी ठेवावे. पहिल्यावर होणारी प्रत्येक नोंद अल्पावधीत दुसऱ्यावरही उमटत राहील. या दुसऱ्या यंत्राच्या खर्चाविषयी मंडळात पुष्कळ चर्चा झाली. परंतु ऑगस्ट २०१९ चा महापूर सर्वांच्या स्मरणात होता. कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा या नद्यांचे पाणी आमच्या जिल्ह्यातील कितीतरी गावांत आणि बाजारपेठांत शिरले होते. वह्या, यंत्रे आणि नकला एकाच इमारतीत असल्या तर पाणी त्यांच्यात भेद करीत नाही. त्यामुळे तो खर्च मंजूर झाला.

एकत्रीकरण म्हणजे काय, हे आम्ही स्वतःस असे समजावले. पूर्वी आठ कुटुंबे आठ घरांत राहत. प्रत्येकाची विहीर वेगळी, आणि बहुतेक वेळ निम्मे पाणी वाया जाई. आता आठही बिऱ्हाडे एका वाड्यात आली. पाण्याची टाकी एक, जिना एक, राखणदार एक. खर्च वाचला आणि देखरेख सोपी झाली. पण एका बिऱ्हाडाने सकाळी सगळी टाकी उपसली, तर बाकीच्यांनी काय करावे? वाड्याचा मालक शहाणा असेल तर प्रत्येक नळास माप ठरवून देतो. एकत्रित यंत्रातही प्रत्येक डेटाबेसने किती शक्ती आणि किती स्मृती वापरावी, हे आधी ठरवून द्यावे लागते. ते आम्ही वेळीच केले नव्हते. त्याचा अनुभव पुढे येईलच.

मोजदाद आणि सफाई

घर बदलताना प्रथम सामानाची यादी करतात, तशी आम्ही डेटाबेसची मोजदाद केली. कोणते तक्ते आहेत, कोणता प्रोग्राम कोणत्या तक्त्यास हात लावतो, आणि बाहेरचे कोण आपल्या जुन्या पत्त्यावर अवलंबून आहे, हे सर्व लिहून काढले. यातील तिसरा प्रश्न लोक हमखास विसरतात. आमच्याकडे पिग्मी एजंटांच्या हातातील लहान यंत्रे संध्याकाळी जुन्या सर्व्हरचा पत्ता शोधीत येत. ती गोष्ट कोणत्याही कागदावर नव्हती. एका जुन्या कारकुनास तेवढी ठाऊक होती. पत्ता बदलण्याचे काम सावकाशीने कसे करावे, याचे चांगले उदाहरण बँकांच्या विलीनीकरणात पाहावयास मिळाले. १ एप्रिल २०२० रोजी सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत विलीन झाली. तथापि सिंडिकेटचे जुने आय.एफ.एस.सी. क्रमांक ३० जून २०२१ पर्यंत चालू ठेवले होते. पंधरा महिने जुना पत्ता आणि नवा पत्ता शेजारी शेजारी नांदले, तेवढ्यात व्यापाऱ्यांस आपले धनादेश आणि बिलबुके बदलून घेता आली.

मोजदादीनंतर सफाई. येथे आमच्या भाषेचा एक विशेष प्रश्न उभा राहिला. जुन्या प्रोग्राममध्ये मराठी नावे एका विशिष्ट फॉन्टच्या आधारे भरलेली होती. यंत्राच्या लेखी ती देवनागरी अक्षरे नव्हतीच. ती इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे होती, आणि तो फॉन्ट वर चढवला म्हणजे डोळ्यांस मराठी दिसे. फॉन्ट काढला की नावाची खिचडी होई. आज सर्व लिप्यांसाठी युनिकोड ही एकच समान पद्धत रूढ आहे. तीत प्रत्येक अक्षरास जगभर एकच क्रमांक असतो. जुन्या पद्धतीतून नव्या पद्धतीत नाव नेताना अक्षरास अक्षर बदलून भागत नाही. ‘किसन’ हे नाव घ्या. जुन्या फॉन्टमध्ये डोळ्यांस दिसते त्या क्रमाने पहिली वेलांटी आधी आणि ‘क’ नंतर भरलेला असे. युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने ‘क’ आधी आणि वेलांटी नंतर येते. रफाराचेही तसेच, दिसतो तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर, उच्चार मात्र त्या अक्षराच्या आधी. हे नियम नीट बांधले नाहीत तर शेकडो सभासदांची नावे बिघडतात. शिवाय आमच्या सीमाभागात निम्मी नावे कन्नडमध्ये भरलेली. ‘गौडा’ आणि ‘गोंडा’, ‘अप्पा’ आणि ‘आप्पा’, असे भेद वह्यांतून यंत्रात आणि यंत्रातून छापील पासबुकात उतरत आलेले होते.

याच सफाईत आम्ही एक सूचना केली. आमच्या दुकानात एकाच शेतकऱ्याच्या नावाच्या तीन तऱ्हांमुळे त्याची तीन खाती होत, आणि त्याचा हिशेब करताना दिवाणजींची तारांबळ उडे, हा आमचा जुना अनुभव. म्हणून आम्ही समितीत म्हटले की, ज्या नोंदींत नाव, गाव आणि जन्मतारीख ही तिन्ही एक असतील, त्या एकाच माणसाच्या समजून एकत्र कराव्या. सूचना सर्वांस पसंत पडली. ती वाजवी वाटते की नाही, हे वाचकांनीच ठरवावे. आम्हांस तरी ती निर्दोष वाटली होती.

बेरीज बरोबर, माणूस चुकला

प्रत्यक्ष नकलेची रीत अशी. एका ठराविक क्षणी संपूर्ण खतावणीचे जणू छायाचित्र घ्यावयाचे आणि ते नव्या यंत्रात उतरवावयाचे. एवढ्या वेळात जुन्या यंत्रावर व्यवहार चालूच असतात. कारण संस्था बंद ठेवता येत नाही. मग त्या क्षणापासून पुढची रोजकीर्द नव्या यंत्रास क्रमाने वाचून दाखवावयाची. ते एकेक नोंद करीत जुन्या यंत्राच्या बरोबरीस येते. दोन्ही समसमान चालू लागली की एखाद्या रात्री काउंटर बंद करून शेवटच्या नोंदी उतरवावयाच्या आणि सकाळी नव्या यंत्रावर दार उघडावयाचे.

२०२२ च्या दिवाळीपूर्वी रंगीत तालीम झाली. आम्ही तेरीज काढली. एकूण ठेवी, एकूण कर्जे, प्रत्येक शाखेची शिल्लक, सर्व पैशापर्यंत जुळले. पिग्मीच्या व्याजात मात्र काही रुपयांचा फरक आला. जुना प्रोग्राम प्रत्येक टप्प्यावर व्याज पूर्ण पैशात घेत असे आणि नवा अखेरीस एकदाच घेत असे, हे कारण सापडताच तोही मिटला. २६ ऑक्टोबर रोजी पाडवा होता. नव्या वहीचा मुहूर्त तोच नव्या यंत्राचा मुहूर्त करावा, असा आम्ही आग्रह धरला. व्यवस्थापकांचे म्हणणे निराळे होते. प्रत्येक शाखेने पन्नास सभासदांकडून पासबुके मागवून घ्यावी, ती नव्या यंत्राशी ताडून पाहावी, आणि मगच दिवस ठरवावा, असे त्यांनी सुचवले. तेरीज जुळली असता पन्नास पासबुके पाहण्यात हशील काय, असे आम्ही भर सभेत बोलून गेलो. सुदैवाने मंडळाने व्यवस्थापकांचे ऐकले.

चौथ्या दिवशी एका ग्रामीण शाखेतून तेथील तरुण कारकून मुलीचा फोन आला. “काका, एकदा येऊन पाहाल का?” आम्ही म्हटले, “अगं, बेरीज तर पैशापर्यंत जुळली आहे ना?” ती म्हणाली, “बेरीज बरोबर आहे, काका. माणूस चुकला आहे.”

आम्ही गेलो. तिच्यासमोर एका विधवा भगिनीचे पासबुक होते. पतीच्या पश्चात मिळालेल्या १,८०,००० रुपयांची मुदत ठेव तिने मुलीच्या लग्नासाठी ठेवली होती. त्याच गावात त्याच नावाची, त्याच आडनावाची, आणि पतीचेही तेच नाव असलेली दुसरी स्त्री होती. जन्मतारीख दोघींची १ जून. आपल्या भागातील वाचकांस याचे नवल वाटणार नाही. शाळेत नाव घालताना गुरुजींनी ज्या मुलांची तारीख कोणास ठाऊक नसे त्यांची १ जूनच लिहिली, आणि वर्षही अंदाजानेच. आमच्या नियमाने यंत्राने त्या दोघींची एक स्त्री केली. त्या दुसऱ्या भगिनीचे सोनेतारण कर्ज थकलेले होते. थकबाकीदाराची ठेव आपोआप अडकवून ठेवण्याची सोय नव्या प्रोग्राममध्ये होती. म्हणजे पाडव्यास आम्ही थाटाने यंत्राची पूजा केली असती, आणि पुढे ही भगिनी लग्नासाठी पैसे मागावयास आली असता काउंटरवरून तिला ‘तुमचे कर्ज थकले आहे’ असे उत्तर मिळाले असते. तिने कधी कर्ज काढलेच नव्हते. पण यंत्राचे म्हणणे आणि एका अल्पशिक्षित स्त्रीचे म्हणणे यांत लोक कोणाचे खरे धरतात, हे सांगावयास नको.

सर्व नोंदी पुन्हा तपासल्या, तेव्हा अशा १९ जोड्या निघाल्या. तेरजेत त्यांतील एकही दिसली नव्हती, आणि दिसणे शक्यही नव्हते. एकाची रक्कम दुसऱ्याच्या पानावर खतवली तर तेरीज जुळतेच, हे मॅट्रिकच्या आधीपासून, वडिलांच्या गादीशेजारी बसून आम्ही शिकलो होतो. चाळीस वर्षे जे दिवाणजींस बजावीत आलो, ते यंत्राच्या बाबतीत आम्हांस आठवले नाही. पुढच्या सभेत आम्ही व्यवस्थापकांची आणि त्या मुलीची क्षमा मागितली. पर्युषण होऊन गेले होते, पण क्षमा मागण्यास तिथी लागत नाही.

यावर उपाय साधा होता. एकत्र करण्याचा नियम रद्द केला. संशयास्पद जोड्यांची यादी शाखांकडे पाठवली, आणि शाखेतील माणसाने सभासदास प्रत्यक्ष विचारून, त्याची सही आणि छायाचित्र पाहूनच निर्णय घ्यावा असे ठरवले. महिनाभर अधिक लागला.

इंग्लंडमधील एक उदाहरण

त्या डिसेंबरातच एक बातमी वाचनात आली. १८१० साली स्कॉटलंडमधील रथवेल गावी हेन्री डंकन नावाच्या धर्मोपदेशकाने गोरगरिबांसाठी एक बचत बँक काढली. अशा बचत बँकांच्या परंपरेतून पुढे टी.एस.बी. ही बँक झाली. म्हणजे मुळात आपल्या पतसंस्थेचीच जातकुळी. तिची खाती लॉइड्स बँकेच्या यंत्रणेवर होती. २०१५ साली स्पेनमधील सबादेल बँकेने टी.एस.बी. विकत घेतली, आणि एप्रिल २०१८ मध्ये एका शनिवार-रविवारी सुमारे ५२ लाख ग्राहकांची खाती नव्या यंत्रणेवर नेण्यात आली. खाती बरोबर उतरली. पण दारे उघडताच नव्या यंत्रणेस भार पेलला नाही. ग्राहकांस आपले खाते उघडता येईना, शाखांतील कामे अडली, आणि सर्व सुरळीत होण्यास त्या वर्षाचा डिसेंबर उजाडला. बँकेने ग्राहकांस ३ कोटी २७ लाख पौंड भरपाई दिली, आणि डिसेंबर २०२२ मध्ये तेथील नियामकांनी तिला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड ठोठावला. चौकशीत असे आढळले होते की, दोन संगणककेंद्रे एकसारखी समजून भाराची चाचणी त्यांतील एकाच केंद्रावर घेतली होती. शिवाय बहुतेक स्थलांतर एकाच झटक्यात उरकले होते.

आमच्या समितीने ही बातमी दोनदा वाचली. आमची खाती आता बरोबर होती, पण यंत्र भार पेलते की नाही हे कोणी पाहिले होते? म्हणून जानेवारीतील एका रविवारी सर्व शाखांतील नोकरवर्गास बोलावले आणि पूर्वीच्या एका गर्दीच्या दिवसाची सर्व व्हाउचरे नव्या यंत्रावर जशीच्या तशी भरावयास लावली. अकरा वाजेपर्यंत काम सुरेख चालले. अकरा वाजता सोनेतारण विभागाने सर्व कर्जांवरील व्याजाची आकारणी सुरू केली, आणि सहाही शाखांचे काउंटर गोगलगायीच्या चालीने चालू लागले. एका बिऱ्हाडाने सगळी टाकी उपसली होती. तज्ज्ञांनी प्रत्येक डेटाबेसचे माप ठरवून दिले आणि व्याज आकारणीची वेळ रात्रीची केली. पुढच्या रविवारी तीच तालीम पुन्हा घेतली. नंतर दुसऱ्या गावच्या जुळ्या यंत्रावरही घेतली. दोन्ही यंत्रे एकाच कारखान्यातील असली तरी.

परतीची वाट

एक प्रश्न उरला. नव्या यंत्रावर दार उघडले आणि काही बिघडले, तर परत कसे यावे? जुने यंत्र शाबूत आहे, त्यावर परत जाऊ, असे सर्वांस वाटते. पण पहिल्या सभासदाने नव्या यंत्रावर पाचशे रुपये भरले की जुनी वही पाचशे रुपयांनी मागे पडते. दुपारपर्यंत अशा शेकडो नोंदी होतात. म्हणून नव्या यंत्रावरील नोंदी उलट जुन्या यंत्रावरही उतरत राहतील, अशी व्यवस्था आम्ही दोन आठवडे चालू ठेवली. परत फिरण्याचा निर्णय कोणी, कोणत्या कारणाने आणि किती वाजेपर्यंत घ्यावयाचा, हेही आधी लिहून ठेवले. संकट आल्यावर सभा बोलावून भागत नाही.

२८ जानेवारी २०२३, चौथा शनिवार. संध्याकाळी काउंटर बंद झाले, रात्री शेवटच्या नोंदी उतरल्या, रविवारी दोनशे पासबुके ताडून पाहिली, आणि सोमवारी नेहमीच्या वेळी दारे उघडली. त्या दिवशी एका शाखेत छपाईयंत्र अडले, यापलीकडे सांगण्याजोगे काही घडले नाही. मुहूर्त कोणताच नव्हता. दुपारी एका सभासदाने आम्हांस विचारले, “नवे यंत्र केव्हा बसवणार?” त्याहून मोठे प्रशस्तिपत्र आम्हांस नको होते.

आपल्या पेढीसाठी

आपल्यापैकी बहुतेकांच्या पेढीवर आठ सर्व्हर नसतील. एक जुना संगणक आणि हिशेबाचा एक जुना प्रोग्राम असेल. तथापि रीत तीच आहे. जुना प्रोग्राम सोडण्यापूर्वी त्यातील माहिती केवळ त्याच प्रोग्रामने वाचता येते की साध्या तक्त्यांच्या रूपात बाहेर काढता येते, हे आधी पाहावे. वस्तू व सेवा कराच्या कायद्याप्रमाणे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपून ठेवावे लागतात. तेवढा काळ जुनी माहिती नुसती पेटीत असून भागत नाही, ती उघडून वाचता आली पाहिजे. तिच्या तीन प्रती असाव्या, दोन निरनिराळ्या साधनांवर असाव्या, आणि एक तरी निराळ्या जागी असावी. नकल काढली एवढ्यावर समाधान मानू नये; वर्षातून एकदा ती नकल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. नव्या प्रोग्रामवर एक पुरा महिना जुन्याच्या बरोबरीने हिशेब चालवावा. नावे एक दिसली म्हणून खाती एक करू नयेत.

शेवटी एक गोष्ट नम्रपणे सांगतो. यंत्र निवडण्याच्या सभेस आमचे सर्व संचालक अगत्याने आले होते, आणि पासबुके ताडण्याच्या दिवशी कोणीच फिरकले नव्हते, आम्हीही नाही. ज्या मुलीने ती चूक पकडली, तिला संगणकाचे ज्ञान आमच्याहून अधिक होतेच, पण त्यामुळे ती चूक सापडली नाही. ती त्या गावात राहते, त्या दोन्ही भगिनींस तोंडओळखीने जाणते, म्हणून सापडली. पुढे ठेवीची मुदत भरली, तेव्हा त्या भगिनीस तिची रक्कम व्याजासह मिळाली. आपली ठेव एकदा दुसरीच्या नावावर जाऊन परत आली, हे तिला आजही ठाऊक नाही. आपल्या पेढीवर असे स्थलांतर योजिले जाईल तेव्हा तेरीज अवश्य पाहावी, पण ज्यांना माणसे ठाऊक आहेत अशा आपल्या जुन्या दिवाणजींस आणि काउंटरवरील मुलामुलींस त्या कामात प्रथम बसवावे, एवढीच सर्व व्यापारी बंधूंस आमची विनंती आहे.